सुभेदार रामजी सकपाळ

आपल्या सोलापूर जिल्ह्यातील कोणत्याही गावी भल्या पहाटे जावे, तो हमरस्त्याच्या कडेने पाचसात तरुण मुले धावताना दृष्टीस पडतात. माढ्याकडे पाहा, बार्शीकडे पाहा, सांगोल्याकडे पाहा, सगळीकडे हाच देखावा. लष्करभरतीची ही तयारी होय. पायांत बळ आहे, छातीत दम आहे, घरी दोन एकर कोरडवाहू जमीन आहे किंवा तीही नाही. परंतु त्यांपैकी पुष्कळांचे घोडे दहावीच्या गुणपत्रिकेपाशी येऊन अडते. सन २०२२ पासून अग्निवीर म्हणून जी भरती होते, तीत साध्या शिपायासही दहावीची परीक्षा ठरावीक गुणांनी उत्तीर्ण व्हावे लागते. आठवी उत्तीर्ण झालेल्यांस भटारखान्याची व साफसफाईची अशी थोडी कामे मिळतात, तेवढीच.

मागील पावसाळ्यात असाच एक मुलगा माझ्याकडे आला होता. गणितात दोनदा नापास झालेला. त्याने मला विचारले की, आमचे पणजोबा पलटणीत होते असे घरी सांगतात, मग त्यांनी कोणती परीक्षा दिली होती? प्रश्न खोडसाळ नव्हता. मी त्यास बसवून घेतले व जे उत्तर दिले तेच आज थोडे विस्ताराने वाचकांपुढे ठेवीत आहे. ते उत्तर म्हणजे एका गृहस्थाचे चरित्र आहे. ह्या गृहस्थाचे नाव आपण सर्व जण नित्य उच्चारतो, पण ते मधले नाव म्हणून. त्यामुळे त्याच्याकडे आपले लक्ष जात नाही. डॉक्टर भीमराव रामजी आंबेडकर १९३८ च्या आरंभी सोलापुरास आले व येथील ख्रिस्ती लोकांपुढे त्यांनी भाषण केले, ही गोष्ट आपल्या मंडळ्यांतून अद्याप सांगितली जाते. त्या भीमरावांचे वडील सुभेदार रामजी मालोजी सकपाळ, हे आजच्या लेखाचे विषय होत.

रत्नागिरी जिल्ह्यात मंडणगडजवळ आंबडवे नावाचे एक लहानसे गाव आहे. तेथील महारवाड्यात सकपाळांचे घराणे होते. घरात देवकार्याच्या वेळी पालखीचा मान असे, एवढीच काय ती गावाने दिलेली प्रतिष्ठा. बाकी गावकीची जी कामे महारांच्या वाट्यास येत, ती आपल्या वडीलधाऱ्या वाचकांस सांगावयास नकोत. वेशीवर राखण करावी, सरकारी टपाल पुढच्या गावी पोहोचवावे, मेलेले ढोर ओढावे, आणि संध्याकाळी दारोदार उभे राहून भाकरी मागून आणावी. गावच्या शाळेत पाऊल टाकण्याची सोय नव्हती. रामजींचे वडील मालोजी ह्यांनी ह्या सर्वांस पाठ दिली आणि ते मुंबई इलाख्याच्या फौजेत शिपाई झाले. रामजींचा जन्म १८४८ च्या सुमाराचा. मालोजींच्या मुलांपैकी रामजी व मीराबाई ही दोघेच पुढे जगली.

महारांस फौजेचा हा रस्ता नवीन नव्हता. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत अठराव्या शतकापासून महार शिपाई घेतले जात. १ जानेवारी १८१८ रोजी भीमा नदीकाठी कोरेगाव येथे पेशव्यांच्या सैन्याशी जी लढाई झाली, तिच्या स्मारकस्तंभावर पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. त्यांतील अनेक नावांच्या शेवटी ‘नाक’ हा शब्द आहे, आणि तो महारांच्या नावांस त्या काळी लावीत. अशा माणसांस भरती करताना पलटणीचा अंमलदार काय पाहत असे? अंगापिंडाने धडधाकट आहे की नाही, हुकूम ऐकेल की नाही. दाखला मागण्याचा प्रश्नच नव्हता, कारण दाखला देणारी संस्थाच नव्हती. मुंबई विद्यापीठ स्थापन झाले १८५७ साली आणि मॅट्रिकची पहिली परीक्षा घेतली गेली १८५९ साली. तेव्हा रामजी दहा-अकरा वर्षांचे पोर होते. सबंध इलाख्यात ज्यांनी ती परीक्षा दिली अशी माणसे बोटांवर मोजण्यासारखी होती, आणि त्यांत महारवाड्यातील मुलगा असणे शक्यच नव्हते.

तेव्हा त्या मुलाच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर असे की, पणजोबांनी परीक्षा दिली नाही. एवढेच ऐकून तो उठू लागला होता. मी त्यास पुन्हा बसविले, कारण उरलेले अर्धे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे.

फौजेत शिरताना अक्षर मागत नसत हे खरे, पण शिरल्यावर अक्षरावाचून राहू देत नसत. पलटणीबरोबर शाळा असे. शिपायांच्या मुलांसाठी दिवसा व प्रौढ शिपायांसाठी रात्री वर्ग भरत, आणि तेथे जाणे सक्तीचे होते. मुलींसही ह्या शाळांतून शिकवीत. ज्या काळी पुण्यासारख्या शहरी मुलींची शाळा काढणाऱ्या जोतीराव फुल्यांवर लोक शेण व दगड फेकीत होते, त्या काळी छावणीच्या आवारात महार शिपायाची मुलगी पाटीवर बाराखडी गिरवीत होती. ह्यात सरकारचा काही उदात्त हेतू होता असे मला म्हणावयाचे नाही. हुकूम वाचता यावा, हिशेब ठेवता यावा, शिपाई शिस्तीत राहावा, एवढाच त्यांचा मतलब असेल. पण मतलबाने खणलेल्या विहिरीचे पाणीही तहान भागविते.

रामजी तरुणपणी फौजेत दाखल झाले. त्यांची पलटण सॅपर्स व मायनर्सची, म्हणजे सैन्याच्या पुढे जाऊन पूल बांधणे, रस्ता करणे, खंदक खणणे, सुरुंग लावणे अशी कामे करणारी होती. त्याच पलटणीत ठाणे जिल्ह्यातील मुरबाडचे एक सुभेदार होते. त्यांच्या घरातील सारे भाऊ फौजेत चढत्या हुद्द्यांवर असून घराणे सकपाळांपेक्षा पुष्कळ सुखवस्तू होते. त्यांची मुलगी भीमाबाई रामजींस दिली. रामजींच्या अंगचे पाणी सासऱ्याने ओळखले असावे, कारण जावयाच्या घरी तेव्हा दाखविण्यासारखे दुसरे काही नव्हते.

पुण्यास लष्करी शिक्षक तयार करण्याची एक नॉर्मल शाळा होती. तिला लोक पंतोजी शाळा म्हणत. रामजींस तेथे पाठविण्यात आले व ते शिक्षकाची परीक्षा उतरून बाहेर पडले. आपल्या वाचकांतील जे उपदेशकबंधू दिवसा शाळामास्तर व रात्री भजनी मंडळाचे चालक ह्या दोन्ही कामांतून गेले आहेत, त्यांस अशा शाळेने माणसात काय पालट होतो ते ठाऊक आहे. शिकणारा मनुष्य शिकविणारा झाला की त्याची चालच बदलते. रामजी पुढे लष्करी शाळेचे हेडमास्तर झाले आणि चौदा वर्षे त्या जागेवर राहिले. हुद्द्याने ते सुभेदार झाले. त्यांचे मराठी शुद्ध व वळणदार होते, इंग्रजी चांगले होते, गणित पक्के होते. जी काही विद्या त्यांस मिळाली, ती सगळी लष्कराच्या कुंपणाच्या आत मिळाली. बाहेरच्या एकाही शाळेचे त्यांच्यावर ऋण नव्हते.

चौदा वर्षे हेडमास्तर, म्हणजे किती पोरे त्यांच्या हाताखालून गेली असतील ह्याचा वाचकांनी विचार करावा. त्यांपैकी कोणाची नावे इतिहासात राहिली नाहीत. त्या काळी लष्करातून पेन्शन घेऊन गावी परतलेल्या महारांत वाचता येणारी, अर्ज लिहिता येणारी, कायद्याची भीती न बाळगणारी माणसे जागोजाग दिसू लागली होती. पुढे ज्या चळवळी झाल्या त्यांचे पहिले चिटणीस बहुधा हेच पेन्शनर होते.

रामजींची पलटण मध्य हिंदुस्थानात महू येथे होती. तेथे १४ एप्रिल १८९१ रोजी त्यांस चौदावे अपत्य झाले, तेच भीमराव. चौदांपैकी बाळाराम, आनंदराव व भीमराव हे तीन मुलगे आणि मंजुळा व तुळसा ह्या दोन मुली एवढीच जगली. नऊ लेकरे मातीआड केलेले ते घर होते, हे पुढील हकीकत वाचताना ध्यानात असावे.

भीमराव अजून रांगत होते, तोच एक संकट आले. १८५७ च्या बंडानंतर सरकारने फौजेची घडी हळूहळू बदलण्यास आरंभ केला होता. १८८५ पासून १८९३ पर्यंत लॉर्ड रॉबर्ट्स हे हिंदुस्थानचे सरसेनापती होते. हिंदुस्थानातील काही जाती तेवढ्या लढाऊ आणि बाकीच्या नव्हेत, असे त्यांचे मत होते, आणि त्यांच्या अमदानीत ह्या मताला धोरणाचे रूप आले. १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. ज्यांच्या बापआज्यांची नावे कोरेगावच्या दगडावर होती, त्यांस सांगण्यात आले की तुमची जात लढाऊ नाही. ज्या फाटकावर आजवर कोणी दाखला मागितला नव्हता, तेथे आता जन्माचा दाखला मागू लागले, आणि तो कोणत्याही शाळेत अभ्यास करून मिळविता येत नव्हता.

रामजींची स्वतःची नोकरी काही गेली नव्हती. गप्प बसते तर पेन्शन ठरलेली होती. पण ते शिक्षक होते. दार बंद झाले म्हणजे केवळ पगार बंद झाला नाही, शाळा बंद झाली, हे त्यांच्याइतके स्पष्ट फार थोड्यांस दिसले असेल. त्यांनी न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे ह्यांच्याकडे जाऊन त्यांच्या साहाय्याने सरकारकडे अर्ज करविला. जोतीराव फुल्यांविषयी त्यांस फार आदर होता, आणि अर्ज-विनंतीचा मार्ग त्यांस अपरिचित नव्हता. दापोलीस राहणारे गोपाळबाबा वलंगकर हे दुसरे पेन्शनर ह्याच खटपटीत होते. त्यांनी अनार्य दोषपरिहारक मंडळी नावाची संस्था काढली होती व १८९४ साली तिच्या वतीने भरतीबंदीविरुद्ध अर्ज तयार केला.

ह्या अर्जांचे फळ रामजींच्या हयातीत मिळाले नाही. पहिल्या महायुद्धात माणसांची नड पडली तेव्हा १९१७ साली महारांची एक पलटण उभारली गेली, आणि युद्ध संपताच १९२१ पर्यंत तीही मोडण्यात आली. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १ ऑक्टोबर १९४१ रोजी, बेळगाव येथे महार रेजिमेंट स्थापन झाली. ती आजही आहे. त्या वेळी सरकारच्या संरक्षण सल्लागार समितीवर रामजींचे भीमराव होते. अर्जाचे उत्तर यावयास जवळजवळ पन्नास वर्षे लागली म्हणावयाची.

असो. १८९४ साली रामजी पेन्शन घेऊन कोकणात दापोलीस आले. तेथे पेन्शनर लोकांची मोठी वस्ती होती. मुलांच्या शिक्षणास तेथे सुरुवात झाली. पण पेन्शनीवर भागेना, म्हणून त्यांनी साताऱ्यास बांधकाम खात्यात नोकरी धरली व बिऱ्हाड तिकडे हलविले. साताऱ्यास येऊन थोडा काळ लोटतो न लोटतो, तोच १८९६ साली भीमाबाई वारल्या. भीमराव तेव्हा पाच वर्षांचे होते. रामजींची बहीण मीराबाई, जी शरीराने अधू होती, तिने त्या पोरक्या मुलांस पोटाशी धरले. काही काळाने रामजींनी दुसरे लग्न केले. आईचे दागिने सावत्र आईच्या अंगावर पाहून भीमरावांचे मन दुखावले आणि त्यांनी ती गोष्ट बापास कधी पुरती क्षमा केली नाही. चरित्र सांगताना अशा गोष्टी झाकण्याची चाल आहे. ती मला पसंत नाही. रामजी तापट होते, करारी होते, आणि घरात त्यांचा शब्द पलटणीतल्या हुकुमासारखा चाले.

दुष्काळाच्या दिवसांत सरकारने खटाव तालुक्यात गोरेगाव येथे तलाव खणण्याचे काम काढले. तेथे रामजींस रोकडीचे काम मिळाले आणि ते एकटेच तिकडे राहू लागले. १९०१ च्या उन्हाळ्यात त्यांनी मुलांस सुट्टीत भेटीस बोलाविले. आता जी हकीकत सांगतो ती डॉ. आंबेडकरांनी स्वतः लिहून ठेवली आहे.

पोरांस केवढा आनंद! नवे सदरे शिवले, जरीच्या झळझळीत टोप्या घेतल्या, रेशीमकाठी धोतरे आली, नवे जोडे आले. सुभेदाराची मुले आगगाडीत बसून बापाकडे निघाली. नऊ-दहा वर्षांचे भीमराव व घरची आणखी मुले सायंकाळी मसूर स्टेशनावर उतरली. रामजी आपला शिपाई पाठवतील अशी खात्री होती, पण फलाटावर कोणीच आले नाही. तास-दीड तास गेला. स्टेशनमास्तर आला, कपड्यांवरून त्यास ही ब्राह्मणांची मुले वाटली व त्याने आपुलकीने विचारपूस केली. आम्ही महार, असे मुलांनी भोळेपणाने सांगताच त्याचा चेहरा उतरला व तो पाच पावले मागे सरून निघून गेला. बैलगाड्या उभ्या होत्या, परंतु एकही गाडीवान बसवून घेईना. शेवटी दुप्पट भाडे द्यावयाचे, गाडी मुलांनीच हाकावयाची आणि गाडीवानाने विटाळ टाळण्यासाठी शेजारून चालावयाचे, असा करार ठरला.

शिदोरी बरोबर होती, पाणी नव्हते. वाटेतल्या ओढ्याचे पाणी चिखलाने व शेणामुताने नासलेले होते. रात्र पडली, रस्ता संपेना, नाक्याच्या झोपडीपाशी गाडी सुटली. नाकेदाराकडे पाणी मागण्यासाठी भीमराव गेले. गाडीवानाने शिकविल्याप्रमाणे त्यांनी आपण मुसलमान असल्याचे सांगितले व उर्दूतून विनवणी केली. तेथेही पाणी मिळाले नाही. ताजी शिदोरी तशीच ठेवून मुले उपाशी व तहानलेली गाडीत निजली. दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत ती बापाच्या दारी पोहोचली. रामजी चकित झाले. मुलांचे पत्र आले होते, पण नोकराने ते त्यांच्या हाती द्यावयाचे विसरून गेला होता.

जो मनुष्य सरकारी फौजेत सुभेदार होता, चौदा वर्षे हेडमास्तर होता, ज्याच्या हाती सरकारी रोकड विश्वासाने दिली जात होती, त्याच्या लेकरांस महाराष्ट्राच्या भर रस्त्यात घोटभर पाणी मिळाले नाही. हुद्द्याची किंमत छावणीच्या फाटकापर्यंतच होती. बाहेर ती कवडीमोल ठरली. रामजींनी ही हकीकत ऐकून काय म्हटले ते कोठे नमूद नाही. परंतु त्यांनी पुढे काय केले ते नमूद आहे.

ते कबीरपंथी होते. मद्य व मांस त्यांनी वर्ज्य केले होते. पहाटे व सायंकाळी घरात भजन होई. मुलांनी त्यात बसलेच पाहिजे असा दंडक असे. संतांचे अभंग, रामायण, महाभारत ते मुलांस वाचून दाखवीत व पाठ करवून घेत. डॉ. आंबेडकर पुढे ह्या ग्रंथांपासून फार दूर गेले, परंतु त्यांच्या मराठीस जो घाट आला तो ह्या सायंकाळच्या बैठकींतला होता, असे मला वाटते. भजन संपले की इंग्रजी. सुभेदार मुलांस इंग्रजीचे पाठ स्वतः देत, भाषांतर करावयास लावीत आणि योग्य शब्द सापडेपर्यंत सोडीत नसत. पंतोजी शाळेचा तो जुना विद्यार्थी आता एकाच विद्यार्थ्याची शाळा चालवीत होता म्हणा ना. ७ नोव्हेंबर १९०० रोजी साताऱ्याच्या सरकारी शाळेत भीमरावांचे नाव इंग्रजी पहिलीत दाखल झाले होते. ह्याच तारखेस महाराष्ट्रात आता विद्यार्थी दिवस पाळतात. त्या शाळेत त्यांस इतर मुलांपासून वेगळे, घरून आणलेल्या तरटावर बसावे लागे.

१९०४ च्या सुमारास नोकरी सुटली आणि रामजी मुलांस घेऊन मुंबईस आले. परळला डबक चाळीत एक खोली घेतली. तीच स्वयंपाकघर, तीच निजण्याची, तीच अभ्यासाची. तीत धूर, तीत सामान, तीत जाते, आणि पायथ्याशी एक शेळीही बांधलेली. भीमराव एल्फिन्स्टन हायस्कुलात जाऊ लागले. रात्री सर्वांनी पाय पसरावे एवढी जागा नव्हती, व गडबडीत अभ्यास होत नसे. म्हणून रामजींनी पलटणीतल्या पहाऱ्याची रीत घरात आणली. मुलाने लवकर निजावे. तोवर बापाने जागावे. दोन वाजता बापाने मुलास उठवावे आणि त्याच्या जागी आपण निजावे. मग घासलेटच्या दिव्यापाशी भीमराव उजाडेपर्यंत वाचीत बसत. सुभेदारांचे वय तेव्हा साठीस आले होते.

भीमरावांस पुस्तकांचा नाद विलक्षण; पाठ्यपुस्तकांवर त्यांची तृप्ती होईना. पेन्शन महिन्याच्या मध्यास संपलेली असे. मग म्हातारा सुभेदार उठे व मंजुळेच्या किंवा तुळसेच्या सासरी जाई. मुलीकडे चार रुपये असले तर ते घेई, नसले तर तिचा एखादा दागिना मागून घेई, तो मारवाड्याकडे गहाण टाकी, पुस्तक विकत घेऊन घरी येई, आणि पेन्शन हाती येताच दागिना सोडवून मुलीस परत करी. लेकीच्या दारी हात पसरणे आपल्याकडे किती लाजिरवाणे समजतात, हे वाचकांस सांगावयास नको. ज्याने आयुष्यभर सलाम घेतले त्याने हे महिन्यामागून महिने केले.

आनंदरावांची गोष्ट मात्र मला येथे टोचते. तोही शाळेत जाणारा मुलगा होता. दोघांचा खर्च पेलेना, तेव्हा त्यास शाळा सोडून रेल्वेच्या कारखान्यात कामास जावे लागले, आणि त्याच्या मजुरीवर धाकट्याचे शिक्षण चालले. आपल्या पुष्कळ घरांतून असा एक आनंदराव असतो. त्याचा फोटो कोणी भिंतीवर लावीत नाही.

१९०७ साली भीमराव मॅट्रिकची परीक्षा उतरले. साडेसातशेपैकी दोनशे ब्याऐंशी गुण मिळाले, म्हणजे शेकडा अडतीसही नव्हेत. गणितात दोनदा नापास झालेल्या आमच्या त्या मुलास हा आकडा सांगितला तेव्हा त्याच्या तोंडावर प्रथमच हसू दिसले. परळात सभा भरवून ह्या मुलाचा सत्कार करण्यात आला, कारण महाराच्या मुलाने ही परीक्षा देणे हीच त्या काळी मोठी अपूर्वाई होती. सभेस कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजी होते. त्यांनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र भीमरावांस बक्षीस दिले, आणि पुढे त्यांच्याच खटपटीने बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी दरमहा पंचवीस रुपयांची शिष्यवृत्ती दिली. ह्या पैशांवर व बापाच्या जिद्दीवर १९१२ साली भीमराव बी. ए. झाले.

महाराजांचे अन्न खाल्ले, तेव्हा बडोद्यास जाऊन चाकरी करावी असे भीमरावांस वाटले. रामजींचा ह्यास कडक विरोध होता. मुलास तेथे जातीपायी काय सोसावे लागेल ते त्यांस मसूरच्या वाटेवरच कळून चुकले असावे. पण भीमराव बापासारखेच हट्टी. १९१३ च्या जानेवारीत ते बडोद्यास गेले व तेथील संस्थानी फौजेत लेफ्टनंटच्या जागेवर रुजू झाले. वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. दाखल्यावाचून शिपाई म्हणून भरती झालेल्या बापाचा मुलगा, ज्या जातीस इंग्रज सरकारने लढाऊ नव्हे म्हणून फौजेबाहेर ठेवले होते तिच्यातला, विद्यापीठाची पदवी घेऊन फौजेत अधिकारी म्हणून शिरला होता.

पंधरवडाही झाला नसेल, तोच तार आली की वडील अत्यवस्थ आहेत. भीमराव तत्काळ निघाले. वाटेत सुरत स्टेशनावर गाडी थांबली, तेव्हा बापासाठी तेथली बर्फी घ्यावी म्हणून ते खाली उतरले. इकडे गाडी निघून गेली. दुसऱ्या गाडीची वाट पाहत तेथेच खोळंबावे लागले. मुंबईस पोहोचण्यास एक दिवस उशीर झाला.

खोलीत सर्व मंडळी भोवती बसली होती. रामजींचे डोळे दाराकडे लागलेले होते. मुलगा जवळ येताच त्यांनी अशक्त हात उचलून त्याच्या पाठीवरून फिरविला. बोलणे झाले नाही. थोड्याच वेळात प्राण गेला. तो दिवस २ फेब्रुवारी १९१३ चा होता. भीमरावांनी फोडलेला हंबरडा सबंध चाळीने ऐकला.

पुढे जून महिन्यात सयाजीराव महाराजांनी त्यांस परदेशी शिक्षणासाठी शिष्यवृत्ती मंजूर केली, आणि जुलैत ते न्यूयॉर्क येथे कोलंबिया विद्यापीठात दाखल होण्यास पोहोचले. बडोद्याच्या फौजेतील लेफ्टनंटची ती जागा मागेच राहिली.